एका पलटीचा दम

सोलापुरात माणसाला नाव पडायला वेळ लागत नाही. गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला घरातून निघालेला शिवपुत्र दिवस मावळायच्या आत दमचोर होतो, आणि एकदा नाव पडलं की मग कितीही साबण घासा, ते निघत नाही. त्याच्या बायकोला, काशम्माला, हे चांगलं ठाऊक होतं. तिच्या माहेरी मैंदर्गीला एका भल्या माणसानं लहानपणी कुणाच्या तरी परसातली काकडी तोडली होती. तो सत्तरीचा होऊन वारला, तेव्हासुद्धा गाव म्हणालं, काकडीअप्पा गेला बिचारा.

आपल्या नवऱ्याला पडलेलं नाव काशम्मानं पहिल्यांदा ऐकलं ते रेशनच्या रांगेत. दुष्काळ सरला होता, पण दुकानात अजून ती परदेशी तांबडी ज्वारी, मिलोच मिळायची. मागच्या बाईनं पुढच्या बाईला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "ही बघ, दमचोराची बायको."

काशम्मा गर्रकन वळली. "तुज्या नवऱ्याकडं दम तरी हाय का गं कुणी चोरन्यासारका?" रांग खो खो हसली. जीभ तिखट असली की असा तेवढ्यापुरता फायदा होतो. पण पिशवी घेऊन चाळीपर्यंत येताना तिचे डोळे दोनदा भरून आले.

झालं होतं असं. शिवपुत्र नऊ वर्षं गिरणीच्या साचाखात्यात होता. दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचा. त्या कामासाठी त्याला कुणी ओळखत नव्हतं, ओळखत होतं ते कबड्डीसाठी. गिरणीच्या संघात चढाई करावी तर शिवपुत्रानंच. अंगानं किडकिडीत, पण दम असा, की समोरचे गडी कंटाळून चूक करायचे. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठल्यावर अकलूजकडचा एक संघ सामना खेळायला आला. शेवटची दोन मिनिटं राहिली, गिरणी एका गुणानं मागं, आणि चढाई शिवपुत्राची. तिकडचा मानसिंग म्हणजे नुसता देह. तो मांडीवर थाप मारून ओरडला, "ये रं ये इनकरा, मागाचा धोटा घिऊन ये, न्हाईतर लुगडं नेसून ये!" शिवपुत्र आत घुसला, डावीकडं झेपावला, आणि पंचाची शिट्टी वाजली.

"दम तुटला," पंच म्हणाले.

दम नुसता तुटला असता तर कुणी काही बोललं नसतं. दम सगळ्यांचाच तुटतो. पण सगळ्या मैदानानं बघितलं होतं की शिवपुत्राचे ओठ हलत होते. आवाज नाही आणि ओठ हलतायत, म्हणजे मधेच श्वास घेतला आणि तोंड हलवून पंचाला फसवायला बघितलं. ही चोरी झाली. शिवपुत्र पंचापुढं जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ थरथरत होते, पण शब्द फुटेना. लोक म्हणाले, खोटं सापडलं की बोबडी वळते ती अशी.

बायका कुठं सामने बघायला जातात? काशम्माला हे सगळं ऐकूनच कळलं. त्या संध्याकाळी शिवपुत्र घरी आला, हातपाय न धुता पाटावर बसला आणि म्हणाला, "काशी, माजा दम तुटला न्हाई. मी चोरला बी न्हाई. तुला तरी पटतंय न्हवं?"

काशम्मा चुलीपुढं होती. मिलोच्या पिठाला चिकटा नसतो, थापताना कडा तुटतात आणि तव्यावर टाकली की नजर हलवता येत नाही. ती म्हणाली, "थांबा, भाकरी जळतीया."

एवढंच. भाकरी पलटून तिनं मागं बघितलं, तर ताट सरकवलेलं होतं आणि शिवपुत्र बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता. भाकरीचं नुसतं निमित्त होतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. 'पटतंय' म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण मैदानभर लोक एक सांगतायत आणि हा एकटा एक सांगतोय, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि ते त्याला बरोबर दिसलं होतं. त्या दिवशी भाकरी टम्म फुगली, पण खाल्ली कुणीच नाही.

त्यानंतर घरात बोलणं म्हणजे मीठ दे आणि पाणी दे. सरावाला जाणं शिवपुत्रानं बंद केलं. कामावरून आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. असे पाच दिवस गेल्यावर मौलाली आला. मौलाली संघाचा वस्ताद, आणि त्याच साचाखात्यात तेलवाला. वय पन्नाशीला आलं होतं, गुडघे गेले होते, पण मिशीचा पीळ कायम. तो दारातूनच ओरडला, कारण ओरडल्याशिवाय बोलणं त्याला जमत नसे. वीस वर्षं साच्यांना तेल घालून त्याचे कान निम्मे गेले होते.

"शिवपुत्रा, महिनाअखेरीच्या ऐतवारी अकलूजवाले परत येतायत. सात रस्त्याजवळच्या मैदानावर. तू उतरला न्हाईस, तर हे नाव तुज्या मढ्यासंगं जाईल. ध्यानात ठेव."

"उतरून तरी काय करू, वस्ताद?" शिवपुत्र उठून बसला. "मी बोलतच हुतो वं. आईशप्पत बोलत हुतो. मग पंचाला का ऐकू आलं न्हाई? पुना तसंच झालं तर?"

मौलालीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "हेच तर मला बी कळंना. सरावात तुजा आवाज पार पाण्याच्या टाकीपातूर जातो. त्या सामन्यात कुटं मेला, खुदा जाने. मी लायनीवरच हुतो, पण माजे कान हे असले. पंचाला खोटं म्हनू? त्यो मानूस खोटा न्हाई. तुला खोटं म्हनू? तर तू बी खोटा न्हाईस. मग मी गवाही देऊ तर कशी देऊ?"

"मी ऐकते की," काशम्मा चुलीपासून म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं बघितलं.

"माजे कान धड हायत. तुमी हितं दम धरा, मी ऐकते. तुटतोय का न्हाई ते कळंल की."

शिवपुत्रानं मान फिरवली. पाच दिवसांचा राग होता, तो काही लगेच जाणार नव्हता. पण मौलालीनं त्याच्या पाठीत अशी एक थाप मारली, की नाही म्हणायला त्याच्यात श्वासच उरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. दिवेलागणीला काशम्मा स्वयंपाकाला बसायची आणि शिवपुत्र तिच्या पाठीमागं, जमिनीवर कोळशानं ओढलेल्या रेघेपाशी उभा राहायचा. ती भाकरी तव्यावर टाकायची आणि म्हणायची, "हं." मग 'कबड्डी कबड्डी' सुरू. वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकू द्यायचं, कडा सुटल्या की भाकरी पलटायची. तव्यावर पडल्यापासून पहिल्या पलटीपर्यंत त्यानं एका श्वासात बोलत राहायचं. घरात घड्याळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लागतही नव्हतं. भाकरी कधी पलटायची हे काशम्माला हातानंच कळायचं.

पहिल्या दिवशी सहा भाकऱ्या झाल्या. सहाही वेळा शिवपुत्राचा आवाज पलटीपर्यंत खणखणीत टिकला. चाळीतली चार डोकी दारात येऊन बघून गेली, कुणीतरी म्हणालं, आता हा भाकरीवर चढाई करतोय बघा. काशम्माला मात्र आतून बरं वाटलं. दमाला काहीच झालं नव्हतं. आणि मग तिला स्वतःचीच चीड आली, की हे त्या दिवशीच का बोलली नाहीस गं भवाने?

चौथ्या दिवशी ते घडलं. काशम्माची पाठ शिवपुत्राकडं, भाकरी नुकतीच तव्यावर पडलेली, मागं आवाज चाललेला. तेवढ्यात साचाखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, वीरभद्रप्पा चाळीतून चालला होता. हा माणूस दिवसभर गडी लोकांना टोचून बोलायचा आणि संध्याकाळी ती सवय सोडून येणं त्याला जमायचं नाही. दारातून त्यानं आत डोकावलं. "काय शिवपुत्र, मैदानात जमंना म्हनून चुलीपुढं व्हय?" आणि हसत पुढं गेला.

मागचा आवाज बंद झाला. पाणी अजून सुकलंही नव्हतं.

"का थांबला?" काशम्मानं वळून बघितलं, आणि तिचा हात तसाच राहिला. शिवपुत्र थांबला नव्हता. रेघेवर वाकून उभा होता, छाती ताणलेली, मानेच्या शिरा टरारलेल्या, आणि ओठ हलत होते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. स्पष्ट दिसत होतं. पण आवाज, नावाला नाही.

"अवं!" ती ओरडली.

शिवपुत्रानं श्वास सोडला. "काय झालं? मधीच का वरडलीस?"

"तुमचा आवाज कुटं गेला?"

"कुटं गेला म्हंजे? बोलायलोच की."

"न्हाई वं. नुसते व्हट हलत हुते. आवाज न्हवता."

तो तिच्याकडं बघतच राहिला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. डोक्यात, कानात, छातीत येत होता. बाहेर येत नव्हता, एवढंच. तो मटकन खाली बसला. काशम्मा त्याच्याकडं सरकली. चुलीवर भाकरी करपली होती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मग तो अगदी हळू म्हणाला, "म्हंजे पंच बी खोटा न्हाई."

"आनि तुमी बी न्हाई," काशम्मा म्हणाली. पण हे आता म्हणण्यात काय मोठेपणा? आता तर डोळ्यांनी दिसलं होतं.

असं का होतं, हे मात्र तिला कळेना. ते सांगितलं नूरबीनं. नूरबी म्हणजे मौलालीची बायको. ती गिरणीतच सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, आणि गिरणीतलं जे जे म्हणून आहे ते सगळं तिच्या पदराला बांधलेलं असायचं. काशम्मानं नळावर तिला हकीकत सांगितली, तर नूरबी घागर खाली ठेवून हसायलाच लागली.

"अगे येडी, तुजे मालूम नै क्या? साचाखात्यात सगळे तसेच! दोनशे साचे धडधडतात, कुनी कुनाचं ऐकत नै. सगळं व्हटावर चालतं. आनि जॉबर सामने आला ना, की गडी असे व्हट हलवून त्याच्या सात पिढ्यांना शिव्या देतात. आवाज नक्को. जॉबर बघायच्या आत मुंडी खाली. हमारा मौलाली घरी पन तसाच. राग आला की कोनात बसून व्हट हलवतो. मी विचारते, किती झाल्या जी माज्या नावानं? तर बोलतो, काय नै, दुवा मागतोय!"

काशम्मा हसली, पण घागर उचलून घरी येताना तिच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. नऊ वर्षं. दिवसाचे आठ तास. जॉबर आला, राग आला, आवाज आत गेला, ओठ हलले. नऊ वर्षं ह्या माणसानं दुसरं काय केलं? कबड्डीचा सराव तासभर आणि राग गिळायचा सराव आठ तास. मैदानात आजवर कुणी एवढं जिव्हारी लागेल असं बोललं नव्हतं; मानसिंगनं डिवचलं, राग आला, आणि अंगानं मुकाट्यानं नऊ वर्षांचा धडा म्हणून दाखवला. गडी बिचारा काय करेल? जे घोटवलं तेच येणार की!

तिनं हे शिवपुत्राला सांगितलं. मौलालीलाही बोलावून, मोठ्यानं ओरडून सांगितलं. मौलालीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला, मी याला पळायला शिकवलं, वाकायला शिकवलं. शांत डोक्यानं खेळ म्हनून दहादा सांगितलं. पन डोकं शांत राहनारच न्हाई, तवा काय करायचं, हे शिकवलंच न्हाई."

मग सराव बदलला. आता नुसता दम धरायचा नव्हता, शिव्या खात दम धरायचा होता. काशम्मानं उजव्या हाताशी उलथणं ठेवलं. नूरबी उंबऱ्यावर बसायची आणि शिवपुत्राला टोचून बोलायची. आवाज आत गेला की काशम्मा तव्यावर उलथणं खण्णकन आपटायची. पहिल्या संध्याकाळी तवा एवढा वाजला, की शेजारच्या रंभाबाई विचारायला आल्या, भांड्याला कल्हई चालू आहे का?

नूरबीच्या तोंडाला तोटा नव्हता. "क्या गे, ये चढाई करता की शेळी चराता?" म्हणायची. मानसिंगसारखा आवाज काढून लुगडं नेसायला सांगायची. काशम्मा त्याच्या भावकीचं काढायची, जॉबरचं काढायची. सुरुवातीला आवाज दोन शब्दांतच आत जायचा. खण्ण! मग हळूहळू भाकरीवरचं पाणी निम्मं सुकेपर्यंत टिकायला लागला. एक दिवस टिकायचा, दुसऱ्या दिवशी परत जायचा, आणि शिवपुत्र चिडून पायानं कोळशाची रेघ पुसून टाकायचा. मग काशम्मा न बोलता पुन्हा ओढायची.

एक गंमत झाली. शिवपुत्र आता साच्यावरही मोठ्यानं कबड्डी कबड्डी म्हणायला लागला होता. त्या धडधडाटात कुणाला ऐकू जाणार? एक दिवस वीरभद्रप्पा त्याच्यापुढं उभा राहून हात नाचवत होता, शिवपुत्र त्याच्या तोंडावर छाती फोडून कबड्डी कबड्डी ओरडत होता, आणि नेमकी वीज गेली. दोनशे साचे एकदम गप झाले. उरला फक्त शिवपुत्राचा आवाज. वीरभद्रप्पा दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "बरं बरं." नूरबीनं ही गोष्ट नळावर तीन दिवस सांगितली.

सामन्याला चार दिवस राहिले. आता 'दमचोर' म्हटलं तरी आवाज हलत नव्हता. मौलाली खूश होता. "आता काय बी उरलं न्हाई," तो म्हणाला. पण काशम्माला ठाऊक होतं, एक उरलं होतं. ते नूरबीला सांगता येण्यासारखं नव्हतं आणि पोटात ठेवण्यासारखंही नव्हतं.

त्या संध्याकाळी घरात दोघंच होती. भाकरी तव्यावर पडली, मागं आवाज सुरू झाला. काशम्मानं पाण्याचा हात फिरवला आणि मागं न बघता म्हणाली, "त्या दिवशी मला बी वाटलं हुतं. चोरला असंल म्हनून."

आवाज गेला.

उलथणं हाताशी होतं, पण तिचा हात उचलेना. मागं बघायची हिंमत होईना. मग शिवपुत्र म्हणाला, "खरं?"

"व्हय. एवढासाच येळ. भाकरी पलटायला लागतो तेवढा. पन वाटलं हुतं."

तो बाहेर निघून गेला. काशम्मा चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली. कशाला बोललीस? झाकली मूठ उघडायला कुणी सांगितलं होतं? तिला वाटलं, आता हा माणूस खेळायचाही नाही आणि बोलायचाही नाही, आणि ह्याला कारण आपणच.

थोड्या वेळानं दारात सावली पडली. शिवपुत्र नळावर तोंड धुऊन आला होता. केसांतून पाणी गळत होतं. तो कोळशाच्या रेघेवर येऊन उभा राहिला.

"पुन्यांदा म्हन."

"काय?"

"तेच."

"न्हाई म्हननार मी."

"म्हन, काशी. मैदानात तेच माज्या डोक्यात येनार हाय. मानसिंगचं न्हाई येनार."

तिनं गोळा थापला. कडा फाटल्या, ओल्या बोटांनी जुळवल्या, तव्यावर टाकला. रडत रडत ती म्हणाली, "मला वाटलं हुतं, चोरला असंल." आणि मागून आवाज आला, मोठा, फाटलेला, रडका, पण आवाज. कबड्डी कबड्डी कबड्डी. ती पुन्हा म्हणाली. आवाज चालूच. पाणी सुकलं, कडा सुटल्या, तिनं भाकरी पलटली तरी आवाज चालूच होता.

रविवारी काशम्मानं डोक्यावर पदर घेतला आणि नूरबीला म्हणाली, "चल." सात रस्त्याजवळच्या मैदानावर गर्दी ही गर्दी, आणि सगळी पुरुषांची. दोघी मागं, सोड्याच्या गाडीपाशी उभ्या राहिल्या. नूरबीनं गाडीवाल्याकडून रिकामी पेटी मागून घेतली आणि वर चढली. काशम्माला वर चढवेना. बघायचं नव्हतंच तिला. ती ऐकायला आली होती.

सामना रंगत गेला. नूरबी वरून सांगत होती, कोण बाद, कोण आत. शेवटी पुन्हा तेच आलं. एक गुण कमी, शेवटची चढाई, आणि शिवपुत्र. मानसिंगचा आवाज मैदानभर घुमला, "आला रं, दमचोर आला! खिसं सांबाळा!" लोक हसले. काशम्मानं पदर कानामागं सारला.

आणि आवाज सुरू झाला. कबड्डी कबड्डी कबड्डी.

काशम्माचा उजवा हात आपोआप डाव्या तळव्यावर फिरला. मनातल्या तव्यावर भाकरी पडली. पाणी लावलं. हसणारे लोक गप झाले. माया आली म्हणून नव्हे, आवाज कुठं तुटतो ते पकडायचं होतं म्हणून. सोडावाल्यानं हातातली बाटली न फोडता तशीच धरली. सगळं मैदान कान देऊन उभं होतं, आणि त्यात एकच आवाज.

"पकडलं गे!" नूरबी ओरडली. "मानसिंगनं पाय पकडला! अगे, चौघं पडले अंगावर!"

आवाज चालूच. आता तो गड्यांच्या ढिगाखालून येत होता, दबलेला, घोगरा, पण येत होता. पाणी सुकलं. कडा सुटल्या. काशम्माचा तळवा उलटा झाला.

"सरकतोय गे, लायनीकडं सरकतोय! हात काढला! वीतभर राहिली!"

पलटी होऊन गेली होती. दुसऱ्या अंगाला डाग पडले असते. इतका वेळ त्यानं घरी कधीच धरला नव्हता. कबड्डी. कबड्डी. एकेक शब्द आता वेगळा येत होता, विहिरीतून घागर ओढल्यासारखा. काशम्मानं ओठ घट्ट मिटले होते. मग "कब..." एवढंच आलं, आणि घशातून ओढलेला एक मोठा श्वास सगळ्या मैदानानं ऐकला. शिट्टी वाजली.

"दम तुटला," पंच म्हणाले.

गिरणी हरली. पण कुणीही हसलं नाही. ढिगातून पहिला मानसिंग उठला, त्यानं शिवपुत्राला हात देऊन उभं केलं आणि त्याच्या पाठीवरची माती झटकली. "आता तुटला, गड्या," तो म्हणाला. "सगळ्यांम्होरं तुटला." मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात, आणि त्या सगळ्या गलबल्यात मौलाली टोपी उंचावून बोंबलत होता, "मला आयकू आलं! ह्या कानांनी आयकू आलं!" नूरबी पेटीवरून उतरली आणि तिनं काशम्माच्या गळ्यात हात टाकला. दोघी रडल्या, आणि सोडावाल्यानं दोघींना फुकट सोडा पाजला.

घरी आल्यावर शिवपुत्र हातपाय न धुताच पाटावर बसला. कोपर सोललेलं, केसांत माती, आवाज पार बसलेला. काशम्मानं चूल पेटवली, भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"काशी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ऐकू आला का?"

पाणी सुकलं होतं, कडा सुटत होत्या. काशम्मा चुलीला पाठ करून पुरती त्याच्याकडं वळली.

"आला. पयल्या शब्दापासनं शेवटच्या श्वासापातूर आला. एक बी शब्द सुटला न्हाई."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग नाक वर करून म्हणाला, "अगं, भाकरी जळतीया."

"जळू द्या की," काशम्मा म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

त्या दिवशी दोघांनी करपलेली भाकरी शेंगांच्या चटणीशी खाल्ली.